बाबा पंच्याऐंशी वर्षांचे झाले

तीर्थरूप दादास धाकट्याचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे ठणठणीत. वहिनींची कंबर आता कशी आहे? तुझ्या छातीचं विचारत नाही. विचारलं की तू म्हणतोस, आपल्याकडचे पुरुष साठीपुढे जात नाहीत, मी बासष्टचा, हे वरकड दिवस, त्यांच्यासाठी ऑपरेशन कशाला. आणि फोन ठेवतोस. म्हणून हे पत्र (तेही ठेवून देता येतं, पण आधी उघडावं लागतं).

दोन महिन्यांनी मी निवृत्त होतोय. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून लोकांना वरखाली पोचवलं, आता फंड हातात आला की एक लाल गाडी घ्यायची आणि संपेपर्यंत हिंडायचं, एवढंच माझं नियोजन होतं. (पैसे संपेपर्यंत की मी, हा प्रश्न कधी पडला नव्हता.) आजोबा, काका साठीच्या आत गेले, बाबांनी तर पन्नाशीही पाहिली नाही. मग म्हातारपणाची तरतूद करायची कुणासाठी? पण तुझी भावजय हटून बसली. तुम्ही जाल हो, मागे मी काय हवा खाऊन राहू, असं म्हणत तिनं मला गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या बाईंकडे नेलं.

काय ते ऑफिस, दादा! काचेच्या भिंती इतक्या स्वच्छ, की एकीला मी कपाळानं नमस्कार केला. (लिफ्ट मात्र चौथ्या मजल्यावर कुरकुरत होती. उतरताना चौकीदाराला बजावून आलो.) बाई आपल्या मुलींच्या वयाच्या. त्यांनी पहिलंच विचारलं, किती वर्षं जगायचा विचार आहे? चहात साखर किती विचारावं तसं, अगदी सहज. मी म्हटलं, पासष्ट पुष्कळ झाली. ही म्हणाली, नव्वद लिहा. झाली घासाघीस सुरू. मी अडुसष्टपर्यंत चढलो, ही तसूभर खाली येईना, आणि बाई आपल्या पेन धरून आळीपाळीनं दोघांकडे बघतायत.

शेवटी बाईंनी माझा फोटो काढला आणि त्याचं वय पडद्यावर वाढवत नेलं. स्वतःचा म्हातारा चेहरा पाहिला की माणूस त्या म्हाताऱ्यासाठी चार पैसे बाजूला टाकतो म्हणे. मला हसू येत होतं. पासष्टला केस गेले, सत्तरीला गाल बसले, आणि पंच्याऐंशीला समोर बाबा आले.

थट्टा नाही रे. बाबाच. डावी भुवई तशीच वर, ओठ मिटून तेच हसणं. पण म्हातारे. भुवया पांढऱ्या, गळ्याला सुरकुत्या. आपण त्यांना असं कधी पाहिलंच नाही. मी तर वयानं त्यांच्यापुढे केव्हाच गेलो होतो, आणि तिथं त्या खुर्चीत एकदम पुन्हा त्यांचा धाकटा झालो. मी उठूनच उभा राहिलो (बाईंना वाटलं निघालो, त्यांनी घाईघाईनं फी कमी केली). वाटलं, एवढं आयुष्य मिळालं असतं तर ते असे दिसले असते, असे उन्हात बसले असते, आणि त्यांना दवाखान्यात न्यायचं कुणी यावरून आपण दोघं भांडलो असतो. ही किती तरी वेळ पडद्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "यांना काही कमी पडू द्यायचं नाही."

मी म्हटलं, "बाई, नव्वद लिहा."

मग काय, बाबांची औषधं, बाबांचा विमा, बाबांच्या काळातली महागाई, बाई सांगतील त्याला मी मान डोलावली. फंडातली मोठी रक्कम दरमहा थोडी थोडी हातात येईल अशी ठेवायची ठरली. लाल गाडी अर्थातच रद्द.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझाही फोटो हिच्या मोबाइलमध्ये होता, तो बाईंना दिला. म्हटलं, आणखी एक बाबा बघू. पण तू पंच्याऐंशीला चक्क आई झालास! मिशीवाली आई, आणि भयंकर चिडलेली. आई अठ्ठ्याऐंशी वर्षं जगली, तेव्हा आपल्याकडच्या पुरुषांचं कारण तू आता सांगू नकोस. तू तिच्यावर गेलायस, तुझी सुटका नाही.

ता. क. दुसरा. गाडी रद्द झाली हे हिनं वाचावं म्हणून वर लिहिलं. आगाऊ दिलेले पैसे परत मिळेनात, म्हणून त्यात बसेल अशी एक जुनी, छोटी घेतलीय. रंग लालच. सोमवारी सकाळी ती घेऊन तुझ्या दारात येतोय. वहिनींनी ऑपरेशनची तारीख घेतलीय (तुला सांगायचं माझ्यावर सोपवलं होतं), तेव्हा कपडे भरून तयार राहा. नाही म्हणायचं असेल तर माझ्याशी बोलू नकोस. तो फोटो मोठा करून बरोबर आणतोय, काय ते आईलाच सांग.