आवाज हरवलेल्या मुलीचा शेवट

४ जानेवारी
शाळेचं पत्र. एकवीस तारखेला मुलांना लिहायची प्रेरणा द्यायला बोलावलंय. 'प्रसिद्ध बाललेखक' असं छापलंय. बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ही वन्सांचीच शाळा ना, म्हणाली. हो. माझी थोरली बहीण, ताई, तिथे वीस वर्षं शिकवायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचा इथे संबंध नाही.
संकल्प : एकवीसपर्यंत दुसऱ्या पुस्तकाची तीन प्रकरणं.

९ जानेवारी
प्रकरणं शून्य. स्पीचमध्ये गुंतलोय. पहिलं वाक्य झकास जमलं : 'मुलांनो, कल्पना कुठून येतात?' पुढचं सुचत नाही. उत्तर मुलांवरच सोडावं.

१३ जानेवारी
'आवाज हरवलेली मुलगी' पुन्हा वाचलं. माझं एकुलतं एक पुस्तक, पण तोड नाही. गोष्ट ताई वर्गात सांगायची हे खरं. पण हाडं तिची, मांस माझं. शेवट तर सगळा माझा : मुलीला आवाज सापडतो, ती घरी येते, सगळे टाळ्या वाजवतात. ताईचा शेवट मला आठवेना. विचारणार होतो, तोवर घशाच्या दुखण्यात तिचाच आवाज गेला. पुस्तक आलं तेव्हा तिने शेवटचं पान वाचलं आणि माझ्याकडे बघून हळूच हात हलवला. आशीर्वादच तो. हरकत असती तर लिहून दाखवली असती. पाटी उशाशीच होती.

तोच दिवस, दुपार
बायको म्हणते, पाटी उशाशी नव्हती. तुम्हीच आवरून माळ्यावर टाकली होतीत. तिला नको ते बरं आठवतं.

१८ जानेवारी
आरशासमोर प्रॅक्टिस. पहिल्या वाक्याला मागून कुणीतरी खाकरलं. ताई खाकरायची तसं. बायको म्हणते, तुम्हीच खाकरलात. मी खाकरलो नव्हतो. गुळण्या केल्या.

२१ जानेवारी
जाऊन आलो. नेमका ताईचाच वर्ग दिला. 'कल्पना कुठून येतात' म्हणालो आणि घसा बंद. पाणी प्यालो. परत तेच. मुख्याध्यापिकाबाईंनी खुर्ची दिली. मग पुस्तकच वाचलं, कसंबसं. संपल्यावर पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, हा शेवट नाहीये. तिची आई ताईंच्या हाताखाली शिकलेली, तिने घरी सांगितलाय. मी मोठ्या मनाने म्हटलं, सांग बरं.
ती फळ्यापाशी गेली. आवाज सापडतो तेव्हा एक आंधळी पक्षीण त्याच आवाजात पिल्लांना हाका मारत असते. मुलगी उभी राहून ऐकते. मग हात हलवते आणि आवाज तिथेच ठेवून मागे फिरते.
हात कसा हलवते, विचारलं. तिने करून दाखवलं.
तसाच.
पुढे काय बोललो आठवत नाही.

२३ जानेवारी
घसा उत्तम. पाहुणे नाहीत, वीज आहे, पेनात शाई आहे. काही लिहिलं नाही. कारण शोधतोय.

२८ जानेवारी
शाळेतून जाड पाकीट. मुलांनी कार्यक्रमाची चित्रं काढलीत, एकतीस. प्रत्येकात फळ्यासमोर चष्मेवाली, हात पसरून गोष्ट सांगतेय. मी फक्त चारांत. एकात खुर्चीवर, तोंड उघडं, डोळ्यांतून दोन निळ्या रेघा. खाली लिहिलंय : 'गोष्ट ऐकायला आलेले काका.'
बायकोला म्हटलं, लहान मुलांना चित्रकलेची समज कमी.
तिने चित्र खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं. म्हणाली, हुबेहूब आलात.