सहा प्रश्नांचा कागद

सोमवार, ३ फेब्रुवारी

आणि परत सांगतो, काळुरामला बेल्ट मी बांधला नव्हता. सीताबाई सिस्टर म्हणाल्या धर, म्हणून धरला. बांध म्हणाल्या, म्हणून बांधला. याला बांधणं म्हणत नाहीत, ड्युटी म्हणतात. अनिता सिस्टरना हे शनिवारपासून समजावतोय. त्यांचं एकच, त्याच्या मनगटाला वळ कुणाच्या हाताने पडले. इनचार्ज झाल्या म्हणून काय माझ्याच हाताकडे बघायचं?

मी इथे रोह्याला मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात नर्सिंग असिस्टंट आहे. पगाराच्या कागदावर वॉर्डबॉय लिहिलंय, ती ऑफिसची चूक.

जानेवारीत पेशंट बांधायचे बेल्ट कपाटातून अकरा वेळा काढले. सात वेळा एकट्या काळुरामसाठी. साठीचा माणूस, पेणच्या खाडीकडचा, जन्म मिठागरावर गेला. एरवी गरीब. भडकला की तिघांना आवरत नाही.

अनिता सिस्टरनी कुठून तरी परदेशातला रिसर्च आणलाय. चौदा पानं. त्यात म्हणे लिहिलंय की पेशंट एकदम भडकत नाही, आधी काही तास खुणा दिसतात. त्या वेळेत ओळखायच्या, जवळ बसायचं, बोलायचं, मग बांधायची वेळ कमी येते.

हे मला आधीपासून माहीत होतं. कुणी विचारलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चौदा पानं तीन दिवस टेबलावर. वर चहाच्या कपाचे दोन गोल उठलेत. एकाही नर्सने उघडून बघितलं नाही. इंग्रजी, त्यात अक्षर मुंगीएवढं, आणि चोवीस पेशंटांच्या गोळ्या वाटून हात रिकामा कधी होणार?

सीताबाई स्पष्ट बोलल्या. बावीस वर्षं झाली त्यांना. म्हणाल्या, ती गोरी माणसं काय काळुरामला ओळखतात? मी मान डोलावली. मग अनिता सिस्टर आल्या, म्हणाल्या, वाचल्याशिवाय कसं कळणार. त्यावरही मान डोलावली. दोघींचं बरोबर होतं.

डॉक्टरांनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिलीय. बेल्टची गरज खरंच कमी झाली असं दिसलं तर बेल्टचं कपाट वॉर्डातून खाली स्टोअरला जाईल. नाहीतर आहे तसंच.

निश्चय: ती चौदा पानं मी स्वतः वाचणार. शाळा सातवीत सोडली म्हणून काय झालं.

रात्री आठ: पहिली ओळ झाली. एका ओळीत किती कोंबतात लोक.

सोमवार, १० फेब्रुवारी

अनिता सिस्टरनी घरी बसून चौदा पानांचं एक पान केलं. मराठीत. सहा प्रश्न, समोर शून्य नाहीतर एक लिहायचं. चिडचिड करतोय का, आवाज चढलाय का, वस्तू आपटतोय का, असे. बेरीज दोनच्या वर गेली की नर्सने पंधरा मिनिटं त्याच्याजवळ जायचं, बाकी कामं थांबवून. आणि ती थांबवायला डॉक्टरांची परवानगी, सहीनिशी.

दुपारी दोनला शिफ्ट बदलताना दहा मिनिटं सगळ्यांनी बसायचं. चहा हॉस्पिटलचा. डॉक्टर स्वतः स्टुलावर बसले होते, त्यामुळे कुणी उठेना.

मग अनिता सिस्टरनी डाव टाकला. त्या खांब गावच्या आहेत, हायवेवर वाढलेल्या, माणूस कसा थांबवायचा ते त्यांना येतं. सीताबाईंना म्हणाल्या, "ताई, हा कागद परदेशातला हाय. आपला पेशंट भडकायच्या आदी तुमाला काय दिसतं ता सांगा, ता बी लिवू."

सीताबाई अर्धा तास बोलल्या. एक भिंतीकडे तोंड करतो, एक सारखा पाणी मागतो. सगळं कागदाच्या खाली त्यांच्या नावाने उतरलं. आता तोच कागद त्या छातीशी धरून फिरतात, जसा काय घरून आणलाय.

माणसं किती पटकन बदलतात. मी बदललो नाही. माझा चहा थंड होता.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आजची तारीख लक्षात ठेवण्यासारखी.

सकाळी सीताबाईंना सहज बोललो की काळुराम चष्मा काढून ठेवतो आणि टॉवेलची घडी घालतो, मोडतो, परत घालतो, तेव्हा मी आपला दोन हात लांब उभा राहतो. अनिता सिस्टरनी ऐकलं. कधीपासून बघतोयस विचारलं. म्हटलं, मी हमरापूरचा. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी बघत वाढलोय, नजर आहे. (आखणीला मला कुणी बसवलं नाही. घासकाम करायचो. पण बघायचो.)

बारा वाजता त्याने चष्मा काढला. टॉवेल घेतला. सीताबाई हातातली ट्रॉली सोडून गेल्या, त्याला व्हरांड्यात फिरवलं, मीठ कसं धरतं ते विचारलं. तो वीस मिनिटं सांगत होता. बेल्ट नाही. मग जेवला.

कागदावर खाली लिहिलं: टॉवेलची घडी – हिरामण.

माझं नाव रिसर्चमध्ये आलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आईला फोन केला. सांगितलं की आता मी पेशंट बांधत नाही, त्यांचा अभ्यास करतो. ती म्हणाली, अभ्यास शाळेत करायचा होतास. मग नेहमीचं. प्रदीपदादा कारखान्यात एकटा पडलाय, लहान मूर्ती घासायच्या राहिल्यात, एक दिवस तरी ये.

घरापासून इतका लांब असल्यावर माणूस कसा येणार, म्हटलं.

"रोहा काय दुबयला हाय काय रे? हमरापूरच्या ठेसनात गाडी थांबते."

लांबी किलोमीटरवर नसते. आईला ते कळणार नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

फेब्रुवारीत बेल्ट चार वेळा. काळुराम फक्त एकदा, तेही दहा तारखेच्या आधी. त्याच्या मनगटाचे वळ फिके झालेत, हे त्यानेच मला दाखवलं, बाजूच्या पेशंटला नवीन घड्याळ दाखवावं तसं.

अनिता सिस्टरनी मला बोलावलं. सोमवारपासून एक नर्स रजेवर आहे. सकाळच्या शिफ्टला आठ बेडचा कागद मी भरायचा. नियमाने नर्सनेच भरायचा असतो, पण तुझी नजर चांगली हाय, तू बघ, लिव, मी सही करीन, म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात त्या हे सगळं अलिबागला ट्रेनिंगमध्ये सांगणार आहेत. मला न्यावंच लागेल. निळा शर्ट इस्त्रीला टाकला. भाषण मनात तयार आहे. सुरुवात: "मित्रांनो, मी पण एकेकाळी बांधायचो."

सोमवार, ३ मार्च

यांची कागद भरायची पद्धतच चुकीची. एका बेडपाशी जा, सहा प्रश्न बघा, मग दुसऱ्या बेडपाशी जा. असं चालतं का? आमच्या कारखान्यात एक मूर्ती पूर्ण करून दुसरी कुणी घेत नाही. पिवळा कालवला की शंभर मूर्तींची पितांबरं एका हाताने मारायची, मग दुसरा रंग. ब्रश धुवायला नको, हात बसतो.

मी तसंच केलं. पहिला प्रश्न आठही बेडना, शून्य, शून्य, शून्य. मग दुसरा. खुर्चीवरून हललो पण नाही, इथून सगळे दिसतात. चार मिनिटांत काम संपलं. सीताबाईंना चाळीस लागतात.

हे अलिबागला सांगायचं.

रविवार, ९ मार्च

गुरुवारी होळी. लांब असलो तरी शिमग्याला माणूस घरी जातो, तिथे तडजोड नाही. शुक्रवार-शनिवारची रजा टाकलीय. गुरुवारी दोनला सुटलो की गाडी.

आज निवांत होतो, तेव्हा पूर्ण आठवड्याचे कागद भरून टाकले. सोमवार ते शनिवार. रजेवर असलो तरी काम अडायला नको, एवढी जबाबदारी इथे कुणाला आहे? सगळीकडे शून्यच टाकलं. आठवडाभर शून्यच तर येतंय. माझ्या शिफ्टला कुणी भडकत नाही.

बुधवार, १२ मार्च

दुपारी तीनला समोरच्या टपरीवर वडापाव खात होतो. शिफ्ट संपलेली. वॉचमनने हाक मारली, वर ये, माणसं कमी पडतात.

काळुराम. लोखंडी स्टूल उचललं होतं. सीताबाईंच्या खांद्याला लागलं. चष्मा खाली पडून पायाखाली गेला. चौघांनी धरला. बेल्ट. पूर्ण वेळ तो माझ्याकडे बघत होता. चष्मा नसल्यामुळे त्याला मी नीट दिसत नसणार.

शेजारच्या बेडवरचा सांगतो, सकाळी दहापासून टॉवेलची घडी चालली होती. दहा वाजता मी मोबाइलवर गाडीचं टाइमटेबल बघत होतो. माणूस टाइमटेबल पण बघायचा नाही का?

गुरुवार, १३ मार्च

सकाळी अनिता सिस्टर फाइल घेऊन बसल्या होत्या. बुधवारचा कागद बघितला. काळुराम, सहा शून्यं. पान उलटलं. गुरुवार. शुक्रवार. शनिवार. प्रत्येक पानावर थांबल्या.

"हिरामण, शनवारी काळुराम शांत हाय ता तू आदीच लिवून ठेवलास?"

म्हटलं, रजा होती.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी पण ओरडलो असतो, तयारी होती. सीताबाई खांद्याला बर्फ लावून बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता अनिता सिस्टरना म्हणाल्या, "दोन वाजता कागदावर शून्य बघितलं गो, म्हणून मी आदी सात नंबरकडं गेले. कागद नव्हता तवा निदान डोल्यांनी तरी बघायची."

होळीला गेलो नाही. रजा मंजूर होती, पण मी गेलो नाही. माझी मर्जी.

मंगळवार, १८ मार्च

माफी मागणार नाही. कारणं:

कागदावर कुठेही लिहिलेलं नाही की ज्या दिवसाचा त्याच दिवशी भरायचा. चौदा पानांत असेल तर ती इंग्रजीत आहेत. मला सातवीपर्यंत शिकवलं, तेही गुरुजी बरे असले तर. आणि खुर्चीवरून खरंच सगळे दिसतात. बेड क्रमांक चार, काळुरामचा, खांबामागे आहे, पण तो खांब मी बांधलेला नाही.

हे सगळं मार्चअखेरच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोलणार. निळा शर्ट तसाही इस्त्री केलेला आहे.

मंगळवार, २५ मार्च

कागद आता माझ्याकडे नाही. त्याऐवजी रोज अकरा ते बारा काळुरामजवळ बसायचं, एवढंच काम. शिक्षा आहे का विचारलं. अनिता सिस्टर म्हणाल्या, नाही, त्याच्या चष्म्याचं होईपर्यंत कुणीतरी पेपर वाचून दाखवायला हवा.

वाचून दाखवतो. मी जोडाक्षराला अडलो की तो अंदाजाने शब्द सांगतो आणि बरोबर निघतो. काल म्हणाला, "तू हळू वाचतोस ता बरा हाय. झोप नाय लागत." मनगटावर परत वळ आहेत. ते त्याने दाखवले नाहीत. पेपर धरताना बाही वर गेली म्हणून दिसले.

ती शून्यं मी टाकली होती, हे त्याला अजून माहीत नाही. किंवा माहीत आहे. मी विचारलं नाही.

सोमवार, ३१ मार्च

मीटिंग झाली. उभा राहिलो नाही.

मार्चमध्ये बेल्ट एकदाच. जानेवारीत अकरा, आता एक. मला वाटलं कपाट गेलं खाली. डॉक्टर म्हणाले, आकडा चांगला आहे, पण दहा दिवसांचे आठ बेडचे कागद खोटे आहेत. मग बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवू? आकडा कागदामुळे कमी झाला की दिवस बरे गेले, हे आता सांगता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून. अजून तीन महिने. कपाट तिथेच राहील. अलिबागचं पण राहिलं.

अनिता सिस्टर उठल्या. म्हणाल्या, चूक माझी. न शिकवता भरायला दिला, न बघता सही केली. नवीन कागदावर दोन ओळी वाढवल्यात. बेडजवळ जाऊनच भरायचा, आणि वेळ लिहायची. शिवाय नवीन माणसाने पहिला आठवडा सीताबाईंबरोबर फिरून भरायचा. सीताबाई म्हणाल्या, व्हय, मी शिकवीन. खांदा अजून वर होत नाही त्यांचा.

पूर्ण मीटिंगमध्ये माझं नाव कुणीही घेतलं नाही. चांगलं झालं तेव्हा कागदावर हिरामण, आणि आता एक सिस्टर उठून सगळं स्वतःच्या नावावर घेते. हा काय न्याय? चूक माझी होती. चार मिनिटांत केलेली, माझ्या पद्धतीने. मी हे तिथेच बोललो असतो, पण चहा आला.

बुधवार, २ एप्रिल

पगार झाला. बाजारात गेलो होतो, दुसऱ्या कामाला. वाटेत चष्म्याचं दुकान लागलं. काळुरामचा नंबर फाइलमधून लिहून घेतला होता, असाच. दुकानदाराने विचारलं, वडिलांचा का? म्हटलं, ऑफिसचा. अठराशे पन्नास झाले. काचेला ओरखडा पडत नाही म्हणे.

काळुरामने चष्मा घातला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "तू हायस व्हय." मग पेपर माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच वाचायला लागला. अकरा ते बारा मी नुसता बसून होतो.

हे चुकीची कबुली म्हणून केलेलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

आई विचारेल, दर महिन्याला पाच हजार येतात, या वेळी काय झालं? पगार कापला असं प्रदीपदादाला कळवलंय. कापलेला नाही.

आईला पाठवतोय: तीन हजार एकशे पन्नास रुपये.