चहा त्यांचा, दूध आमचं

शनिवार, संध्याकाळ. नेवासा.

सुटले एकदाची. स्नेहसंमेलनात माझ्या आठवीच्या पोरांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं नाटक केलं, इंग्रजी कंपनीचा चहा समुद्रात फेकला. खोक्यांत घरचाच वाळवलेला चोथा. पहिल्या रांगेत सासरे, आमचे दादा. भाव पडला तेव्हा त्यांनी कॅनभर दूध रस्त्यावर ओतलं होतं. तेव्हापासून घरात तो विषय बंद. मग मी हेच नाटक का बसवलं? चोथा उडाला, लोक हसले, दादा सोडून.

येताना स्कूटीवर मागून दादांनी विचारलं, "त्यो चहा त्या लोकांचा नव्हता ना?"

"नाही दादा, कंपनीचा."

"मग शहाणे हुते. आमी येड्यावानी आपलंच ओतलं."

आणि हसले. स्कूटी डुगडुगायला लागली, इतके.