खाडीवरची राखण

शेणवा, सोमवार

तीर्थरूप दाजींच्या चरणी कुंडलिकचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? ताईचा खोकला गेला असेल तर बरं. नसेल गेला तर हे पत्र तिला वाचून दाखवू नका, संतापाने वाढेल.

आमच्या दिपालीसाठी तुम्ही मुरबाडचं स्थळ सुचवलंत, उपकार झाले. पण दाजी, मुलगी बघायला माणसं घरी येतात, ओट्यावर बसून पोहे खातात आणि जातात, एवढी साधी रीत. तुमचा हा मितेश (होडीतून लोकांना पक्षी दाखवतो, याला म्हणे नोकरी म्हणायचं) फोनवर सांगतो की दोन्ही घरं मिळून सहलीला जाऊ. सकाळी माथेरानची छोटी गाडी, दुपारी ठाण्याच्या खाडीवर फ्लेमिंगो. दिपाली दाराआड उभी होती, म्हणून मी हो म्हणालो.

त्या गाडीने शंभरी ओलांडली म्हणून लोक तिचे फोटो काढत होते. (घरातल्या म्हाताऱ्याचं इतकं कौतुक कुणी करत नाही.) गुडघे हनुवटीला लावून मी दोन तासांहून जास्त बसलो. आमच्या हिने मध्येच विचारलं की डोंगर बघायला आपल्या डोंगरातून इतक्या लांब का आलो. वर जरा टेकतो तोच मितेश भरतीची वेळ गाठायची म्हणून उठवायला लागला. होणाऱ्या व्याह्यांसमोर मी जीपमध्ये हातावर भाकरी घेऊन जेवलो.

खाडीत होडी थांबली. समोर चिखल, वीतभर पाणी आणि हजारो पाखरं माना खाली घालून निवांत खातायत. चाळीस वर्षं भाताची राखण केलेल्या माणसाने काय करायचं? मला कळायच्या आत मी उभा राहून शंकरपाळ्यांचा डबा बडवत होतो आणि 'हाऽऽ हुर्र' म्हणून ओरडत होतो. सगळी उडाली, एक उरलं नाही. होडीतले कॅमेरेवाले माझ्या अंगावर आले. एकाने मला दिपालीसमोर अडाणी म्हटलं. होडीच्या मालकाने मितेशला तिथल्या तिथे सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. एवढी पाखरं बिनराखणीची सोडायची आणि वर मलाच बोलायचं! असल्या लोकांत मला सोयरीक करायची नाही. स्थळ मोडलं असंच समजा.

आपला,
कुंडलिक

ता. क. : मितेशचे वडील काही बोलले का? नकार देणार असतील तर त्यांना जरा थोपवा.

आणखी ता. क. : एक लिहायचं राहिलं. सगळे मला बोलत होते तेव्हा तो पोरगा, नुकतीच नोकरी गेलेला, माझ्याशेजारी येऊन बसला. सांडलेल्या शंकरपाळ्या वेचून डब्यात भरल्या आणि हळूच म्हणाला, "काका, यंदा पाखरांनी लय भात खाल्ला काय तुमचा?" घरी उंबऱ्यात आल्यावर दिपाली म्हणाली, "बाबा, आता दुसरा कोनी बघायचा नाय." दाजी, मला फोन करायला तोंड नाही. हे पत्र मिळताच तुम्ही त्यांच्याकडे जा आणि आमचा होकार कळवा. होडीवाल्याच्या पाया पडायला मी स्वतः जातो.