पाटाच्या चौकीतली शाळा

१३ नोव्हेंबर १९७२, सोमवार

काढलं चौघांनाही! आजपासून ती शाळा बंद.

तेल-मीठ आणायला गावात गेले होते. म्हटलं आलेच आहे तर पोरांना बघून जावं. गहिनी वर्गात, भीमा वर्गात, धाकटी मुक्ता पहिलीच्या पोरांत पेंगतेय. रतन कुठंच नाही. विचारलं तर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी सापडली — गुरुजींच्या परसात, राखेनं पातेली घासत बसलेली! पाचवीतली पोर! गुरुजी शांतपणे म्हणाले की मुलीच्या जातीला त्यात काय एवढं. मी म्हटलं, भांडी तिला घरीही आहेत, त्यासाठी अडीच मैल पाटाच्या कडेनं चालत यायची गरज नाही. दप्तरं उचलली, चौघांना पुढं घातलं आणि आले.

संध्याकाळी हे पाटावरून आले. सगळं ऐकलं, जेवले, हात धुतले आणि मग म्हणाले, "बरं, आता फुडं काय?"

मी म्हटलं, मी शिकवीन. माझे वडील पुणतांब्याला मास्तर होते, मी सातवी फायनल पास आहे, विसरलात काय? हे हसले. त्या हसण्यानं जास्त पेटले मी.

१५ नोव्हेंबर

चौकीतली शाळा सुरू! चौकी म्हणजे आमचं सरकारी घर, दगडी दोन खोल्या — पुढची शाळा, मागची स्वयंपाकघर. पाट्या दोन, पोरं चार. हे पाटकरी, पाटाचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडणारे, त्यामुळे पाणीपाळीच्या जुन्या वह्या मिळतात, त्यांची मागची पानं कोरी असतात. त्यातल्याच एकीवर हे लिहिते आहे. मैलभर शेजार नाही, म्हणजे ओरडायला मोकळीक आहे.

आधी प्रार्थना, मग सगळ्यांनी मिळून मोठ्यानं पाढे, मग सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचन. वडील असंच घ्यायचे. एकानं सुरुवात करायची, बाकीच्यांनी उचलायचं. रतन सुरुवात करते. चौघांचा आवाज एकदम लागला की फार बरं वाटतं.

२० नोव्हेंबर

आज तीनदा ओरडले, एकदा रडले. शिकवून काय झालं तर नऊचा पाढा.

२ डिसेंबर, शनिवार

शिक्षणखात्याचे साहेब काल पाटबंधाऱ्याच्या बंगल्यावर मुक्कामाला होते. यांनी त्यांना माझा पराक्रम सांगितला म्हणे. साहेब भला माणूस. म्हणाले, एप्रिलात शाळा तपासायला येईन तेव्हा चौघांना घेऊन या, मी स्वतः परीक्षा घेतो. पास झाली तर वरच्या वर्गात नाव लावू, शिकू देत घरी आणखी एक वर्ष.

मी खूश. पण यांचं अजून संपलं नव्हतं.

"जे पोरगं पास हुईल ते तुझ्यापाशी. जे नापास हुईल ते जूनपासून दादाकडं, देवळालीला. तिथल्या शाळंत घालायचं. मंग रडायचं न्हाई."

दादा म्हणजे यांचे थोरले भाऊ, आप्पासाहेब. मी तावातावानं म्हटलं, कबूल! एकही जाणार नाही.

आता सगळं आवरून बसले आहे. देवळाली प्रवरेला दादांचं घर मोठं, शाळा हाकेच्या अंतरावर. जाऊबाई गोजरबाई वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्या चांगल्या आहेत, हीच तर पंचाईत! तिकडं गेलेलं पोर इथं दिवाळीला पाहुण्यासारखं येणार.

९ डिसेंबर

पायली आणि शेर शिकवत होते. रतन हळूच म्हणाली, आई, आता लिटर असतं. मी म्हटलं माहीत आहे मला. माहीत नव्हतं! लिटर आलंय हे माहीत होतं, पण त्याचं गणित माहीत नव्हतं. दुपारी तिच्याच पुस्तकातून चोरून शिकले आणि संध्याकाळी तिलाच शिकवलं. तिनं पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा केला.

२७ डिसेंबर

पाट कोरडा. धरणातच पाणी नाही, पाळी पुढं ढकलली. पूर्वेकडची माणसं खडी फोडायच्या कामावर चालली आहेत, रोज काठानं एखादं तरी कुटुंब जातं. हे दिवसभर शेतकऱ्यांच्या शिव्या खातात. पाणी कधी सोडणार ते यांच्या हातात असल्यासारखे सगळे यांनाच विचारतात. घरी येतात, जेवतात आणि आडवे होतात.

पोरं दुपारी चिंचोके वेचायला गेली होती. तासभर गेली असतील. मी चूल सारवली, कंदिलाची काच पुसली, पुन्हा पुसली. घर खायला उठलं. चौघंही देवळालीला गेली तर मी या दोन खोल्यांत काय करायचं?

असलं काही लिहायचं नाही. उद्यापासून भागाकार.

१४ जानेवारी १९७३, संक्रांत

दादा, गोजरबाई आणि त्यांची लंका आली होती. लंका रतनच्याच वयाची. दोन रिबिनी, निळा परकर, तोंडाला खळ नाही. शाळेत लंगडीचा संघ आहे, बाई पेटी वाजवतात, मैत्रिणींत भांडण झालं, मग मिटलं, मग पुन्हा झालं. रतन तोंड उघडं टाकून ऐकत होती. दोघी जेवून उठल्या त्या पाटाच्या दारावर जाऊन बसल्या. मी तीनदा हाक मारली — अगं, इतिहास राहिलाय! सणाच्या दिवशी इतिहास कशाला, असं गोजरबाई म्हणाल्या नाहीत, पण बघितलं तसंच.

निघताना त्या म्हणाल्या, "यखांदं पोर द्या की वं आमच्याकडं. लंकीला बी सोबत हुईल." मी हसण्यावारी नेलं. हातातला तिळगूळ मात्र परत ताटलीत ठेवला.

ती मंडळी गेल्यावर रतनला विचारलं, किती वेळ काय बोलत होतीस? "काय न्हाई," म्हणाली. मी म्हटलं, काही नाही म्हणावं. "काही नाही," म्हणाली.

६ फेब्रुवारी, मंगळवार

हसावं की कपाळ बडवून घ्यावं!

भीमाच्या पुस्तकातलं एक पान काल शेळीनं खाल्लं. मला आज कळलं. भीमा धडा वाचत होता, बोट ओळीवरून फिरवत, अगदी खणखणीत. मी भाकरी थापता थापता ऐकत होते. काय सुंदर वाचतोय म्हणून कौतुकानं डोकावले, तर पुस्तकात ते पानच नाही! पठ्ठ्या शेळीच्या पोटातलं पान वाचत होता!

मी दुसरं पान उघडलं, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. गप्प. दुसरा शब्द. गप्प. त्याचं स्वतःचं नाव पाटीवर लिहिलं. त्यानं रतनकडे पाहिलं.

याला वाचता येत नाही. एक अक्षर नाही! तीन महिने हा चौघांच्या आवाजात आपला आवाज मिसळत होता. रतन सुरुवात करायची आणि हा उचलायचा. सगळं पुस्तक तोंडपाठ. आणि मी, मास्तराची मुलगी, एकत्र आवाज ऐकून खूश होत होते. एकेकाला वेगळं बसवून वाचायला लावायचं एकदाही सुचलं नाही मला.

एप्रिलला अडीच महिने. साहेब एकेकालाच उभं करणार.

७ फेब्रुवारी

यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

११ फेब्रुवारी

दिवसभर भीमा. सकाळी भीमा, भाकरी थापताना भीमा. गहिनी आणि मुक्ता शेळीमागं हिंडतात, हिंडू देत. आज त्यानं 'घ' आणि 'ध' पाचव्यांदा चुकवला आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. सात वर्षांचा आहे. याला देवळालीला पाठवायचं? रात्री अजून माझा पदर धरून झोपतो. गोजरबाई कितीही चांगल्या असोत, त्यांच्या पदराला हा हात घालणार आहे का?

रतन मागं उभी होती. म्हणाली, "आई, तू सोड त्याला. मी बघते."

बघ बाई.

१ मार्च

रतन त्याला पुस्तकाला हातच लावू देत नाही! रोज सकाळी पाटाच्या काठानं घेऊन जाते. मैलाचे दगड, शेतांकडे जाणाऱ्या चारीचे नंबर, बैलगाडीमागं रंगवलेलं मालकाचं नाव — दिसेल ते वाचायचं. जे त्यानं कधी ऐकलेलं नाही तेच. मी विचारलं, पुस्तक का नाही? तर म्हणाली, पुस्तक त्याला पाठ आहे ना, मग तो बघतच नाही अक्षराकडं.

इतकं साधं! वडिलांना नाही सुचलं, मला नाही सुचलं.

८ मार्च

भीमा धावत आला, चौकीच्या भिंतीवरच्या सरकारी पाटीखाली उभा राहिला आणि एकेक अक्षर दातांखाली घेतल्यागत वाचलं — "पा-टा-त गु-रे धु-ऊ न-ये-त." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आये, पर सूर्यभान पाटकरी सोताच बैल धुतो की." बापाचं नाव घेऊन! मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्याला उचलून घेतला.

रतनला काही म्हणायचं राहूनच गेलं.

१८ मार्च, होळी

पोळ्या केल्या, चारच. गूळ बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावरची बातमी भीमानं यांना वाचून दाखवली. दुष्काळी कामांची होती. अडखळत, पण वाचली. हे म्हणाले, बेस. यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

१० एप्रिल

सोळा दिवस राहिले. रात्रंदिवस डोक्यात तेच. गहिनीचं शुद्धलेखन म्हणजे देवाची करणी. मुक्ता चुरूचुरू बोलते, ती तरून जाईल. भीमाला परवाच्या पानावर तीन चुका, कालच्या पानावर दोन. रतनची काळजीच नाही. तिला काही विचारायला लागत नाही, तीच मला विचारते की आई तुझं जेवण झालं का. दुपारी शाळेतल्या मुली पलीकडच्या काठानं घरी जातात तेव्हा मात्र ती घागर घेऊन पुलावर जाते. पाटात पाणी नसतानाही गेली परवा. पोरीचं लक्ष कुठं असतं कोण जाणे.

२६ एप्रिल, गुरुवार

आजचं आजच लिहायचं.

चौघांना न्हाऊमाखू घालून नेलं. त्याच शाळेत. गुरुजींनी मला नमस्कार केला, मी पण केला. मला ओट्यावर बसवलं, खिडकीतून अर्धंमुर्धं दिसत होतं. मुक्तानं बडबडून साहेबांना हसवलं. गहिनी घामाघूम झाला, पण निभावलं त्यानं. मग भीमा. साहेबांनी त्याला स्वतःच्या पिशवीतलं कुठलंसं पुस्तक दिलं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. हळूहळू, एकेक शब्द, पण वाचलं! पास! मी ओट्यावर बसल्या बसल्या रडले. तीन पास, आता रतन राहिली, म्हणजे झालंच. मी निम्मी उठलेसुद्धा होते घरी निघायला.

रतन उभी. साहेबांनी वाचायला सांगितलं. गप्प. गणित घातलं, माझ्या कानावर आलं, भागाकाराचं होतं, झोपेत सोडवेल असं. पाटीवर पेन्सिल टेकवली आणि उचलली. पाटी कोरीच दिली. साहेबांनी दोनदा, तीनदा विचारलं, धीर दिला. जमिनीकडे बघत उभी. साहेबसुद्धा ओशाळले. बाहेर येऊन मला म्हणाले, बाई, मोठीला पाचवीतच बसवावं लागेल, आणि तेही शाळेत.

परतताना पाटाच्या काठावर मी तिला मारलं. भीमाच्या देखत. दोन्ही गालांवर. का गप्प बसलीस? का? भीमा मध्ये पडला, माझा हात धरून लोंबकळला. तिनं पुढं होऊन मुक्ताला कडेवर घेतलं आणि चालायला लागली.

संध्याकाळी हे म्हणाले, "मला तं वाटलं भीमाच जातूय." मग तंबाखू चोळता चोळता म्हणाले, "रतनी कशी काय ऱ्हायली?" मी उठून पोरांना वाढायला घेतलं.

२७ एप्रिल

सकाळी एकटी बंगल्यावर गेले. म्हटलं पाया पडेन, पुन्हा एकदा घ्या म्हणेन, पोर घाबरली असेल. खानसामा म्हणाला, साहेब पहाटेच नगरला गेले.

यांना म्हटलं, शब्द मागं घ्या. हे म्हणाले, "कबूल तूच म्हन्लीस." खरं आहे. दादांना निरोप गेला. निरोप नेणाऱ्याबरोबरच संध्याकाळी गोजरबाईंचा उलट निरोप — लंकी नाचायला लागली आहे.

तीन जिंकले आणि हरल्यासारखी बसले आहे. रतन नेहमीसारखं सगळं करते आहे. तिच्या गालावर अजून बोटं दिसतात.

२९ एप्रिल, रविवार

रतन आणि मी दोघीच होतो, ज्वारी निवडत. मी विचारलं, येत नव्हतं का गं? रागावून नाही विचारलं.

"समदं येत हुतं," म्हणाली. मी तिची भाषा सुधारली नाही. ज्वारीतले खडे बाजूला काढत, वर न बघता ती बोलत राहिली. "मला लंकीच्या शाळंत जायचं हुतं, आई. पन भीमा नापास झाला असता तं त्यो गेला असता, आन् तू रडत बसली असतीस. मंग मला जाताच आलं न्हसतं. म्हनून आदी त्याला वाचायला शिकवलं."

इतके दिवस मला वाटत होतं, मी पोरांना सांभाळते आहे.