पायऱ्यांचा व्हिडिओ

३ एप्रिल

खोटं बोलले. तेही दोन्हीकडे.

हितेश म्हणाला, "आईला विचारून घे, बालीला येते का आपल्याबरोबर." मी विचारायला गेले ती मोबाईल घेऊनच. सासूबाई हॉलमध्ये खाली बसून कोलंबी सोलत होत्या. नुसा पेनिदा — बालीच्या बाजूचं बेट. चहूबाजूंनी सरळसोट कडे, खाली निळंशार पाणी. माझ्याकडे सुंदर फोटो चिक्कार होते. पण मी नेमका तो व्हिडिओ लावला, ज्यात एक बाई बांबूचा कठडा धरून बसत-बसत खाली उतरते आणि मध्येच रडायला लागते. वर म्हटलं, "आई, तिथे असंच आहे सगळीकडे. तुमचे गुडघे..."

त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला. "लय पायऱ्या हान," म्हणाल्या. बस, एवढंच. नाही म्हणाल्या नाहीत. होही म्हणाल्या नाहीत.

बेडरूममध्ये येऊन मी हितेशला सांगितलं — आई नको म्हणतात.

"वाटलंच मला," म्हणाला, आणि कमलेशला फोन लावला.

खरी गोष्ट अशी की तिथे खाली उतरायची काही सक्ती नाही. वरून बघायचं, फोटो काढायचे, नारळपाणी प्यायचं, परत यायचं. बहुतेक लोक तेच करतात. हे मला महिनाभरापासून माहीत आहे.

४ एप्रिल

तिकिटं झाली. नऊ मे. दोन.

कमलेश म्हणजे हितेशचा चुलतभाऊ, आमच्याच बिल्डिंगखाली त्याचं ट्रॅव्हलचं दुकान आहे. "वहिनी, काकी नाय येत? पासपोर्ट तर काढलेला ना तिचा?"

"नाही रे, गुडघे." तिसऱ्यांदा बोलताना जीभही अडखळली नाही.

७ एप्रिल

आता जरा माझी बाजू. निदान इथे तरी लिहू दे.

लग्नाला सहा वर्षं झाली. गोवा — तिघं. महाबळेश्वर — तिघं. केरळ — तिघं, आणि हाऊसबोटीत सासूबाईंनी डब्यातलं सुकट काढलं तेव्हा शेजारचं जोडपं उठून दुसरीकडे जाऊन बसलं. हॉटेलातल्या नाश्त्याची केळी पिशवीत भरतात. वेटरला हाक मारतात ती आमच्या बाळकुमच्या नाक्यावरून खाडीपर्यंत ऐकू जाईल अशी. मी लाजते. लाजते आणि मग लाजले म्हणून स्वतःचा राग येतो. हितेशबरोबर एकदा, एकदाच, दोघांनी कुठेतरी जावं एवढंच मनात होतं. हे सरळ हितेशला सांगता आलं असतं. तो समजून घेणारा आहे. पण सरळ सांगितलं असतं तर मी वाईट सून ठरले असते ना. आता काय ठरले?

१२ एप्रिल

माझा पासपोर्ट काढायला कपाट उघडलं. सासूबाई सगळे महत्त्वाचे कागद एकाच पिशवीत ठेवतात. विकलेल्या जमिनीचा सातबारा, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, आणि त्यांचा स्वतःचा पासपोर्ट. कोरा करकरीत. दोन वर्षांपूर्वी दुबईचं ठरत होतं तेव्हा काढलेला, ते राहूनच गेलं. फोटोत डोळे मोठे करून बघतायत. नाव — आवडाबाई शिवराम भोईर. सगळी पानं रिकामी. मी ती सगळी उलटून का बघितली, कोण जाणे.

मनात म्हटलं, परत आल्यावर त्यांना खडवलीला नदीवर घेऊन जाऊ, मस्त दिवसभर. काय पण भरपाई! बालीच्या बदल्यात खडवली.

१७ एप्रिल

लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरची निशिगंधा भेटली. "तुझ्या सासूबाई काय फिट आहेत गं! रोज सकाळी जिन्यात दिसतात मला. मी दूध घ्यायला दार उघडते आणि ह्या खालून वर."

मी हसले.

सासूबाई रोज सकाळी साडेसहाला "जरा खाली फिरून येते" म्हणून निघतात, ते मला माहीत आहे. त्या बागेत जातात असंच धरून चालले होते. आमचं घर चौदाव्या मजल्यावर आहे.

१८ एप्रिल

आज मुद्दाम मागे गेले. लिफ्टने नवव्यावर उतरून जिन्याच्या दाराआड उभी राहिले, चोरासारखी.

आधी श्वास ऐकू आला. मग त्या दिसल्या. पदर खोचलेला, एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर. हितेशचे जुने बूट, दोन्ही पायांत मोज्यांवर मोजे. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची. मधल्या सपाट जागेवर थांबल्या, बोटं मोजली, काहीतरी पुटपुटल्या आणि मग वळून खाली उतरायला लागल्या. उतरताना जास्त त्रास होत होता. बसून, सरकत, थेट त्या व्हिडिओतल्या बाईसारख्या!

मिठागरात कामाला होत्या त्या लग्नाआधी. डोक्यावर ओल्या मिठाची टोपली, निसरडा बांध. गुडघे तिथेच गेले, हे त्यांनीच मला सांगितलेलं. आणि मी तेच गुडघे वापरले.

मी हाक मारली नाही. लिफ्टने वर येऊन चहा ठेवला. त्या आल्या, घामाघूम. "आज लय उकारतय बाय." मी कप पुढे केला. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

१९ एप्रिल

त्यांना वाटतंय त्या येणार आहेत. दुसरा काय अर्थ?

२२ एप्रिल

हितेश जेवताना सहज म्हणाला, "आईला शहाडला तुझ्या आईकडे ठेवूया का आठ दिवस? एकटी कशाला." सासूबाई समोरच होत्या. माशाचा काटा काढत राहिल्या. मला वाटलं आता विचारतील — म्हणजे मी नाय? पण "मी आपली घरीच बरी," म्हणाल्या.

एवढं ऐकूनही त्या उद्या पुन्हा जिना चढणार का?

२३ एप्रिल

चढल्या. साडेसहाला बूट घालून गेल्या.

हे आता माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. उद्या सांगून टाकणार. आधी त्यांना, मग हितेशला. त्या ओरडू देत, अख्ख्या बाळकुमला सांगू देत. कमलेशला विचारू, अजून एक सीट मिळते का ते.

२४ एप्रिल

सांगितलं. अकराव्या मजल्यावर, पायरीवर शेजारी बसून. व्हिडिओ, खोटं, दोन तिकिटं, सगळं.

त्या गुडघा चोळत ऐकत होत्या. "मना ठाव हाय. कमलेसनं त्याच दिशी सांगला, काकी तिकिटा दोनच हान."

त्याच दिवशी. म्हणजे तीन आठवडे.

"हितेसला नको सांगू. त्याला वाईट वाटल."

मी विचारलं, मग हा जिना कशाला, आई?

कठडा धरून उठल्या. "तुमी परत कदी तरी जाशाल ना कुठं? तवा पायऱ्यांचा कारन नको."