गव्हाच्या पावाचे दोन काप

२२ सप्टेंबर
आज पाव नाही, जांभा दगड निघाला! निव्वळ गव्हाच्या पिठाला पाणी जास्त लागतं, हे मला कोण सांगणार? आमच्या लेकाने, सर्वेशने, मुंबईहून पाव करायचं मशीन पाठवलं, सोबतचा कागद इंग्रजीत. होडीची इंजिनं तरी कुठे कुणी शिकवली होती? उघडून बघत शिकलो. हेही शिकेन. शिकलंच पाहिजे. गळ्याच्या कॅन्सरला विजेचा शेक दिल्यापासून गुणवंतीला भात-भाकरी उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, "वजन असंच घटलं तर पोटात नळी घालावी लागेल." त्या रात्री ही भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नळी नको वो. त्यापरीस मेलेली बरी."

२५ सप्टेंबर
घोडं गंगेत न्हालं! पाणी दोन घोट वाढवलं, चमचाभर तूप, यीस्ट कोमट दुधात. पाव कापसासारखा. दोन काप दुधात भिजवून दिले. खिडकीशी बसून खाते ती. मी भांडं धुवून येईतो ताटली पुढे केली — "संपवला बघा!"
खिडकीखालचं मांजर काय माजलंय! मिरकरवाडा बंदरावरची मासळी मानवली त्याला.

२८ सप्टेंबर
यमुनाबाई भांडी घासायला येतात. त्यांनी पावाचं भांडं काथ्याने खसाखसा घासलं. ओरडलो. मऊ फडकं, कोमट पाणी, बस्स. पीठ मळायचं पातं अडकलं तर भिजत ठेवायचं, ओढायचं नाही. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून रोज पुसून ठेवतो.

३० सप्टेंबर
वजन आणखी दोन किलो कमी. रोज पाव खाऊन! डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी कापांचा हिशेब सांगितला. ही पदराशी चाळा करत होती.

२ ऑक्टोबर
दसरा. इंजिनाचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर मांडले, मधोमध मशीन. झाकण उघडून हळद-कुंकू, झेंडू, अक्षता. आज अवजाराला विसावा — पाव नाही.
ही हसली. "अवो, मला कधी एवढी फुलं वाहिलीत काय?"
"तू कधी पाव दिलास?"
किती दिवसांनी हसली!

३ ऑक्टोबर
घर्र केलं नि बंद. पातं हलेना. अक्षतांचे दाणे दांड्याच्या बुडाशी गेलेत. पूजा करणारा मीच, मशीन मारणारा मीच! हिच्या तोंडचा घास गेला. "ऱ्हाऊ दे वो, पेज घेईन," म्हणाली. तीही चार चमचे.

४ ऑक्टोबर
सगळं खोललं. तीन दाणे चिमट्याने काढले, एक पिठूळ होऊन चिकटलेला. पट्टा सरकला होता, बसवला. पातं फिरलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, म्हाताऱ्याच्या!
मांजर कालपासून खिडकीखाली ओरडतंय. बंदरावर मासळीचे ढीग, याला काय कमी पडलं?

५ ऑक्टोबर
पाव सुरेख फुगला. तिला दोन काप दिले. भांडं धुवायला वळलो, तेवढ्यात मांजराचं ओरडणं थांबलं.
मागच्या दाराने जाऊन बघितलं. खिडकीखाली दुधात भिजलेला पाव खात होतं.
आत आलो. "संपवला बघा," म्हणाली.
"शाबास," म्हटलं.
डॉक्टरांचा नंबर काढून ठेवलाय. भांडं पुसतोय. कोरडं झालं तरी पुसतोय.